रजिस्टरात नसलेली बाटली

परवा भाचीचा फोन आला. एका विद्यापीठात ती नवीनच लागली आहे. कोणत्या ते लिहीत नाही, नोकरी अजून कच्ची आहे तिची. म्हणाली, "मावशी, शनिवारी आमच्याकडे करुणेवर वर्कशॉप आहे. तीन तास. मग सर्टिफिकेट."

मी म्हटलं, "जेवण आहे का?"

"आहे. पण सर्टिफिकेट फीडबॅक फॉर्म भरल्यावरच."

दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "मला तिथे दोन मिनिटं बोलायचंय. तू एकतीस वर्षं पोरांमध्ये काढलीस, काहीतरी सांग ना." मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार केला, तर दोन मिनिटांत बसेल असं काही निघेना. जे निघालं ते इथे लिहिते आहे. तिला हवं ते तिनं उचलावं.

आधी एक सांगते. मी प्रोफेसर नव्हते. केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट होते, १९८८ ते २०१९. बडोद्यात लॅबमधली बाई म्हणजे 'बेन'. आडनाव पगाराच्या कागदापुरतं. मुलं बेन म्हणायची, सरही बेन म्हणायचे, आणि घरी दांडिया बाजारात परत आले की मी पुन्हा सूनबाई. कॉलेजचं नाव घालत नाही, बडोद्यातल्या लोकांनी ओळखायचा प्रयत्नही करू नये.

लॅब असिस्टंटला मुलं जशी दिसतात तशी सरांना दिसत नाहीत. सरांना जर्नल दिसतं, आम्हाला बेसिन दिसतं. कोण ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, धुऊन ठेवतं, कोण शेजाऱ्याच्या रॅकमध्ये आपली फुटकी टेस्ट ट्यूब सरकवतं, कोणाच्या फ्लास्कमध्ये शेवटी काय रंग उरलेला असतो, हे सगळं पाचनंतर बेसिनपाशी कळतं.

फुटकी काच हा आमच्याकडचा जुना विषय. ब्रेकेज रजिस्टर असायचं. जे फोडाल त्याचे पैसे वर्षाच्या शेवटी डिपॉझिटमधून वळते. पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचनळी, त्यातल्या त्यात महाग. मी लागले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका मुलाच्या हातून पिपेट फुटली. रजिस्टरात नाव लागेल म्हणून त्यानं दोन्ही तुकडे पँटच्या खिशात घातले आणि पुढचा तासभर स्टुलावर बसून टायट्रेशन केलं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजलं. उठला तेव्हा मांडीला रक्त. तुकडा पाऊण इंच आत गेला होता. टाके पडले. आणि रिक्षात बसताना तो मला काय विचारत होता, तर "बेन, लखवुं पडशे?" लिहावं लागेल का.

त्या रात्री झोप लागली नाही. वाटलं, रजिस्टर काच वाचवायला ठेवलेलं आहे आणि मुलं कापून घेतात. रजिस्टर बंद करणं माझ्या हातात नव्हतं. पण पुढच्या जूनमध्ये नवीन बॅचचा पहिला दिवस आला तेव्हा मी एक तडा गेलेली टेस्ट ट्यूब घेतली, टेबलाच्या कडेला आपटून सगळ्यांसमोर फोडली. चाळीस पोरं गप्प. मग सावकाश दाखवलं: हातानं उचलायची नाही, हा ब्रश, हे सुपडं, हा काचेचा डबा. मग रजिस्टर उघडून त्या वर्षीच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, पुढे 'टेस्ट ट्यूब, एक', पुढे सही. "चला, सुरुवात झाली," म्हटलं. "आता दुसरी ओळ कोणाची ते बघू."

हे मी एकोणतीस वर्षं केलं. एका हेड सरांनी विचारलं होतं, दरवर्षी बेन स्वतःच्या नावावर एक ट्यूब का फोडतात. मी म्हटलं, हात थरथरतो. त्यांना पटलं असावं.

खिशात काच घालणारा मात्र पुन्हा कोणी निघाला नाही. बेसिनमध्ये लपवणारे निघाले. ते निघणारच.

आता माझी चूक. भाची म्हणेल मावशीनं उगाच लिहिलं. पण ती सोडून बाकीचं लिहिलं तर मी थोर वाटायला लागेन, आणि तसं काही नाही.

डभोईकडून एक मुलगी यायची. गुजराती माध्यमात बारावीपर्यंत शिकलेली. आमच्याकडे सायन्स इंग्रजीत. प्रॅक्टिकलचा छापील कागद हातात आला की ती तो देवाच्या पोथीसारखा धरायची, वाचायची नाही. परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल, बाहेरचे परीक्षक, आलेले, बाकी मुलं कामाला लागलेली, आणि ही ब्युरेटसमोर उभी. ओठ पांढरे. मला बघवेना. द्रावणं मीच बनवलेली, त्यामुळे खरं रीडिंग किती यायला हवं याची चिठ्ठी माझ्या खणात. मी तिच्या टेबलावरची टाइल पुसायचं निमित्त केलं आणि हळूच म्हटलं, "एकवीस चार." तिनं लिहिलं. पास झाली. मला फार बरं वाटलं. घरी येताना लीला चिवडा घेऊन आले, एवढं बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षेला माझी मुलगी तापानं फणफणलेली. मी रजेवर. डभोईची ती मुलगी तीन तास टेबलापाशी बसून राहिली. कोरा कागद दिला.

नंतर भेटायला आली. रडली नाही, चिडलीही नाही. फक्त म्हणाली, "बेन, मला येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?"

यावर काय बोलणार? माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. त्या दिवशी आम्ही दोघी लॅबमध्ये थांबलो आणि मी तिला पहिल्यापासून विचारत गेले. तेव्हा कळलं की कागदावर जे 'कॉन्कॉर्डंट रीडिंग' लिहिलेलं असतं ते तिला एखादं रसायन वाटत होतं. दीड वर्षं ती कपाटात कॉन्कॉर्डंटची बाटली शोधत होती आणि कोणाला विचारायची लाज वाटत होती. एकसारखी आलेली रीडिंगं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. गुजरातीत सांगायला मला दहा सेकंदं लागली. एकवीस चार सांगायला दोन लागली होती. मी दोनवाली निवडली.

त्या मुलीनं दुसऱ्यांदा परीक्षा दिली, सुटली. त्यानंतर मी कपाटाच्या दारावर पुठ्ठा लावला. कागदावरचे इंग्रजी शब्द, समोर गुजराती, जागा उरली तिथे मराठी. मुलं त्याच्यासमोरून जाता जाता बूट बांधायला वाकायची आणि वाचून घ्यायची. कोणी थेट उभं राहून वाचलं नाही कधी. म्हणून मी तो खाली, गुडघ्याच्या उंचीवर सरकवला.

आता नायट्रिक सर. खरं नाव नाही, मुलांनी ठेवलेलं. सर बोलले की नायट्रिक ॲसिडसारखा डाग पडायचा म्हणून. उंच, पांढरा शर्ट, मिनिटभर उशीर झाला तर दार बंद. जर्नलच्या पानावर लाल शाईनं एकच शब्द लिहायचे: 'पुन्हा'. मीही त्यांना दगड समजत होते. मी दयाळू, ते दगड, अशी माझ्या डोक्यात वाटणी पक्की होती, डभोईवाल्या मुलीनंतरसुद्धा.

१९९६ सालच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. शेतकऱ्याचा, पहिल्या बाकावर बसणारा, नीटनेटका. पण टायट्रेशन आलं की सगळं बिघडायचं. फ्लास्कमध्ये ॲसिड, ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, हा इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा. सोडा थेंब थेंब सोडत जायचा, आणि रंगहीन पाण्याला पहिली फिकट गुलाबी झाक आली आणि टिकली की थांबायचं. याचं रीडिंग कधी अकरा, कधी साडेदहा, कधी अकरा दोन. खरं होतं नऊ आठ. सर 'पुन्हा' लिहायचे. सहा वेळा 'पुन्हा'. निष्काळजी, असा त्याच्यावर शिक्का बसला. शेजारच्याला सारखं विचारायचा, "आव्युं?", आलं का, तेव्हा कॉपी करतो असाही बसला.

पाचनंतर बेसिनपाशी मी त्याचे फ्लास्क बघायचे. गुलाबी कसले, राणी कलर! लग्नातल्या शालूसारखे. एवढं कोणी पुढे जातं का, असं मनात म्हणून मी ओतून द्यायचे.

मग हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं, टायट्रेशन आलं. त्यात आयोडीन आणि स्टार्चची गडद निळाई असते आणि ती एकदम नाहीशी होते. जर्नलं टेबलावर उघडी होती, मी सहज नजर टाकली. दहा तीन. दहा तीन. दहा तीन. आख्ख्या बॅचमध्ये इतकं सरळ रीडिंग दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

निष्काळजी मुलगा निळ्या रंगापुरता काळजी घेतो का?

दुसऱ्या दिवशी त्याला लवकर बोलावलं. दोन फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवले. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि जेमतेम गुलाबी झाक. विचारलं, यातला गुलाबी कोणता? तो वाकून बघत राहिला. इकडून, तिकडून, खिडकीच्या उजेडात धरून. मग म्हणाला, "बेन, बंने सरखा छे." दोन्ही सारखेच. आणि थोड्या वेळानं स्वतःहून सांगितलं, की घरी वाडीतले टोमॅटो पिकले की नाही ते बहीण सांगते, त्याला दाबून बघावं लागतं. घरचे हसतात, वेंधळा म्हणतात. "मला वाटायचं," तो म्हणाला, "गुलाबी कधी होतं याचा बाकीच्यांना अंदाज बरोबर येतो, मला येत नाही."

म्हणजे त्याला वाटत होतं सगळेच अंदाजानं करतात. आपण त्यात कच्चे.

मी सरांकडे गेले. जाताना पोटात गोळा. म्हटलं आता म्हणतील, मग केमिस्ट्री कशाला घेतली. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "कोणाला बोललात?"

"नाही सर."

"बोलू नका." आणि चष्मा काढून पुसत बसले. "सहा वेळा 'पुन्हा' लिहिलं मी."

एवढंच. मग त्यांनी मला डाल्टनची गोष्ट सांगितली. अणूंचा सिद्धांत मांडणारा डाल्टन, ज्याच्या नावानं अकरावीची मुलं कंटाळतात, तो स्वतः असाच होता. त्याला लाल आणि हिरव्यात फरक धड कळत नसे, आणि १७९४ साली मँचेस्टरमध्ये त्यानं स्वतःच्या नजरेवर निबंध वाचला होता. त्याचा तर्क असा, की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, म्हणून लाल रंग गाळला जातो. मेल्यावर डोळे उघडून बघा असं सांगून ठेवलं. १८४४ साली तो गेला, डॉक्टरनं बघितलं, द्रव स्वच्छ. तर्क चुकला. पण डोळे जपून ठेवले गेले, आणि दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्यातून डीएनए काढून तपासला तेव्हा कळलं की हिरव्या रंगाची संवेदना देणारं जे रंगद्रव्य असतं, त्याचं जनुकच त्याच्याकडे नव्हतं. सरांनी हे नुकतंच कुठे वाचलेलं होतं. लाल-हिरव्याची ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे तिथे बिघाड झाला की बदली जनुक नाही. म्हणून बायकांपेक्षा पुरुषांत हे कितीतरी जास्त आढळतं. "दर वर्षी आपल्याकडे दोन-तीन तरी येऊन गेले असतील," सर म्हणाले. "मी त्यांना 'पुन्हा' लिहीत होतो."

पुढच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: 'दोन इंडिकेटरांची तुलना'. आख्ख्या बॅचनं तेच टायट्रेशन दोन तऱ्हांनी करायचं, एकदा फिनॉल्फ्थॅलीन, एकदा थायमॉलफ्थॅलीन. हे दुसरं सोड्याच्या बाजूला गेलं की निळं होतं. रंगहीन ते निळं. दोन्हीतलं जे रीडिंग जास्त खात्रीचं वाटेल ते घ्यायचं आणि का, ते दोन ओळीत लिहायचं. प्रयोग म्हणून तो अगदी योग्य होता, कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. त्या मुलाचं आलं नऊ आठ, नऊ आठ, नऊ आठ.

त्या निळ्याची गंमत अशी, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ते हळूहळू उडून जातं. पोरांना आठवडाभरात शोध लागला. एकमेकांच्या ॲप्रनवर उडवायचे, समोरचा किंचाळायचा, आणि पाच मिनिटांत कपडा कोरा. सरांनी हे बघितलं. मला वाटलं आता दार बंद. ते म्हणाले, "का उडतं ते लिहून आणा. सगळ्यांनी."

राहिला प्रश्न पोटॅशियम परमँगनेटचा. तिथे इंडिकेटर नसतो, ते स्वतःच रंग दाखवतं, आणि शेवट पुन्हा तोच, फिकट गुलाबी. यावर सर दोन दिवस अडले. मग म्हणाले, गुलाबी दिसतं म्हणजे काय होतं? ते द्रावण हिरवा प्रकाश गिळतं. मग हिरव्याच काचेतून बघितलं तर? रंग कळायचा नाही, पण उजेड कमी झालेला कळेल. हिरवी काच नव्हती. माझ्या घरी गणपतीच्या आराशीचा हिरवा जिलेटीन पेपर होता, माळ्यावर, गुंडाळी करून ठेवलेला. तो आणला. पुठ्ठ्याची चौकट केली. साध्या पाण्याचा फ्लास्क आणि गुलाबी झाकेचा फ्लास्क शेजारी ठेवून त्यातून बघितले, तर दुसरा किंचित काळसर. मुलानं तिन्ही वेळा बरोबर ओळखला. मीही डोळा लावून बघितलं. मला दोन्हींतला फरक त्याच्याइतका पटकन कळला नाही. त्याला पंधरा वर्षांचा सराव होता, उजेडावरून ओळखायचा.

आणि हेही सांगते, की सरांनी त्याला एकही मार्क फुकट दिला नाही. परीक्षेत त्यानं नॉर्मॅलिटीचं, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं, गणित चुकवलं, तर पाच मार्क कापले. माझा जीव कळवळला. पण कापले ते बरोबर कापले, गणित डोळ्यांनी करायचं नसतं.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या चित्रपट संस्थेला सांगितलं, की रंगांध विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळू नका, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली. सर तोवर राहिले नव्हते.

इथे थांबले असते तर लेख चांगला झाला असता.

त्या टायट्रेशनच्याच वर्षीची गोष्ट, तोच मुलगा. हॉस्टेलला नंबर लागला नव्हता. गोरव्याच्या पलीकडे कोणा लांबच्या नातेवाइकाकडे राहायचा, सायकलनं यायचा. आता बेनवर त्याचा विश्वास बसलेला. एक दिवस विचारलं, दांडिया बाजारात कुठे खोली मिळेल का? आमच्याच घरी वरची खोली रिकामी होती. पूर्वी तिथे दीर राहायचे. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मुलगा चांगला आहे म्हटलं, हुशार आहे म्हटलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "आडनाव काय?"

मी सांगितलं.

त्या काही बोलल्या नाहीत. एक खडा काढून बाजूला टाकला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खोली लागेल आपल्याला. पाहुणेरावळे येतात." मला ठाऊक होतं पाहुणेरावळे कोणी येत नाहीत. यांनाही ठाऊक होतं, पेपर वाचत होते ते. तिघांपैकी कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं, खोली दिलेली आहे. तो म्हणाला, "सारु बेन." काही विचारलं नाही. मी दोन फ्लास्कांतला फरक विचारताना तो जसा वाकून बघत होता तसं त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं. हा रंग त्याला बरोबर दिसत होता.

माझा रोजचा रस्ता कोठीवरून काळाघोड्याला, तिथून पुढे कमाटी बागेतून. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाला त्या बागेतली ती जागा माहीत असते, आता तिला संकल्प भूमी म्हणतात. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शाळेत आम्हाला हे अभिमानानं सांगायचे, आमचे महाराज असे होते म्हणून. १९१७ साली डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरी करायला बडोद्यात परत आले, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सरायीत नाव बदलून राहिले, तर काही दिवसांनी लोक लाठ्या घेऊन आले. मग मुंबईची रात्रीची गाडी होईपर्यंत कमाटी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दरबारानं शिष्यवृत्ती दिली होती. खोली शहरानं द्यायची होती.

शाळेत शिकले तेव्हा मी त्या लाठीवाल्यांवर चिडले होते. त्या सकाळी बागेतून जाताना लक्षात आलं, की त्यांच्याव्यतिरिक्तही बडोद्यात खूप घरं असतील. वरच्या खोल्या रिकाम्या असलेली, तांदूळ निवडत बसलेली, खोली दिलेली आहे असं गोड आवाजात सांगणारी.

तो मुलगा पूर्ण वर्ष सायकलनं आला. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढलं की उशीर व्हायचा. नायट्रिक सरांचं दार त्याच्यासाठी बंदच व्हायचं, तेवढं मात्र बदललं नाही. तो बाहेर उभा राहायचा आणि मी आत ब्युरेट पुसत असायचे. मी सरांना जाऊन सांगू शकले असते, हा एवढ्या लांबून का येतो. पण मग ते विचारणार, जवळ खोली का नाही घेत.

बी.एस्सी. झाला तो, फर्स्ट क्लास. पुढचं मला माहीत नाही. आमच्या वरच्या खोलीत नंतर, सासूबाई गेल्यावर, बरेच विद्यार्थी राहून गेले. आडनाव मी भाडेकराराच्या दिवशी वाचते. पण एकाला नाकारलेली खोली दुसऱ्याला देऊन हिशोब मिटत नाही, तो मी मिटवायलाही जात नाही.

भाचीला यातलं काय सांगता येईल कोण जाणे. टेस्ट ट्यूबची गोष्ट सांग म्हणाले. ती छोटी आहे आणि लोक हसतील.

मी रिटायर झाले ती तारीख ३१ जुलै २०१९. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. त्या एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला. निरोपसमारंभासाठी आणलेला हार आणि समोसे कोणाच्या तरी गाडीत अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी, रेल्वेखालच्या रस्त्याशी, अडकून राहिले. लोकांच्या अंगणात मगरी. पाणी ओसरल्यावर, नोकरी संपल्यानंतर आठ-दहा दिवसांनी, मी चार्ज द्यायला गेले. खालच्या स्टोअरमध्ये पाणी शिरलेलं. डेड स्टॉक रजिस्टर फुगून उशीएवढं झालेलं, शाई पसरलेली. सगळं नव्यानं लिहायचं होतं. माझ्या जागी आलेला मुलगा चटपटीत होता. तो बाटली उचलून नाव वाचायचा, मी जुन्या रजिस्टरात शोधायचे, मिळालं की नव्यात उतरवायचं.

वरच्या फळीवर मागे पाच ग्रॅमची एक छोटी बाटली निघाली. पांढरी भुकटी, तळाशी बोटभर. शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये चिमूटभर लागते, त्यामुळे वर्षानुवर्षं पुरते. लेबलवर सरांच्या अक्षरात 'थायमॉलफ्थॅलीन'.

जुन्या रजिस्टरात तिची नोंद नव्हती. पानं वेगळी करून, वाळवून, १९९६ पासून शोधलं. इंडेंट नाही, बिल नाही. कॉलेजात मागणी केली असती तर कशासाठी ते लिहावं लागलं असतं. त्यांनी ती बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणून फळीवर ठेवून दिली होती, आणि मला तेवीस वर्षांत कधी संशय आला नाही.

"बेन, नोंद नाही तर फेकून देऊ?" त्या मुलानं विचारलं.

"नको. लिही."

त्यानं नाव लिहिलं, वजन लिहिलं, नग एक लिहिलं. मग 'कुठून आली' या रकान्याशी पेन थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर कोणीतरी झाडूनं चिखल लोटत होतं.

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, 'आधीपासून आहे'.